रक्ताच्या चाचणीची वाट कशाला पाहायची?

रक्तातल्या, लाळेतल्या मायक्रोआरएनए या सूक्ष्म रेणूंवरून स्तनाचा कर्करोग ओळखण्याचे संशोधन चालू आहे. या रेणूंच्या शोधाला २०२४ चे नोबेल मिळाले. पण ही चाचणी अजून आपल्या दवाखान्यात आलेली नाही. तोवर आम्ही करकंबच्या बायकांनी गप्प बसायचे का?

मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्यांची शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करीत. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

तिशीनंतर ही तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. भगिनींनो, ती हक्काने मागू या. गाठ दुखत नाही म्हणून लपवू नका. बार्शीला कॅन्सर रुग्णालय आहे.