आधी ओल शोधा

पुण्यात एरंडवणे किंवा सहकारनगर, नागपुरात धरमपेठ, कोल्हापुरात राजारामपुरी, अशा भागांतून चालत गेले की एका विशिष्ट काळातली घरे अजून भेटतात. तळमजला आणि वर एक मजला, पुढे व्हरांडा, कोपऱ्याला गोलाई दिलेली गॅलरी, जिन्याच्या भिंतीत सिमेंटची जाळी, आत मोझॅकची फरशी, फाटकाशेजारी बहुधा आईचे किंवा आजीचे नाव. साधारण १९५० ते १९७५ या पंचवीस वर्षांत मध्यमवर्गाने बांधलेल्या या बंगल्यांवर सध्या फार प्रेम उतू चालले आहे. तरुण मंडळी त्यांचे फोटो काढतात, सतरंजीसारखी नक्षी असलेल्या फरशीचे नमुने जमवतात. त्याच गल्लीत महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या बंगल्याला हिरवे कापड लागते आणि आतून ब्रेकरचा आवाज यायला लागतो. या घरांवरचे प्रेम आणि त्यांची सुधारणा, दोन्हींची सुरुवात चुकीच्या जागेपासून होते, असे माझे म्हणणे आहे. आपण दिसते ते जपतो आणि दिसते तेच बदलतो. घर मात्र न दिसणाऱ्या गोष्टींनी मरते. त्यात पहिला क्रमांक पाण्याचा.

ही घरे देखणी का वाटतात, हे त्यांच्या जन्मकथेत आहे. सहकारी गृहरचना संस्थांनी जमीन घ्यायची, तिचे प्लॉट पाडायचे आणि सभासदांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे, या रीतीने शहरांच्या कडेला वसाहती उभ्या राहिल्या. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतले वाडे वाहून गेले आणि पेठेबाहेर राहायला जाण्याला वेग आला. बांधणारा नोकरदार होता, पैसा बेताचा होता आणि सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होते. परमिटशिवाय ते मिळत नसे. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण. सिमेंटच्या वाटपावरून अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, तेही १९८२ च्या जानेवारीतच. यावरून त्या राखाडी भुकटीची तेव्हाची किंमत लक्षात यावी. सिमेंट मोजून मिळत असताना कोणी खोटे खांब आणि कमानी उभारत नाही. छज्जा पावसापुरता, जाळी वाऱ्यापुरती, गॅलरी दोन खुर्च्यांपुरती. आज आपण ज्याला त्या काळची अभिरुची म्हणतो, तिचा बराच भाग टंचाईने घडवलेला आहे. म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही, पण तिची पूजा करण्याचेही कारण नाही.

राहण्याच्या दृष्टीने पाहिले तर या घरांत पुष्कळ शहाणपण आहे. तळमजल्याला चौदा इंची आणि वर नऊ इंची विटांच्या भिंती. त्या तापायला वेळ घेतात. समोरासमोर खिडक्या आणि वर झरोके असल्याने हवा खेळती राहते. चारही बाजूंनी सोडलेल्या मोकळ्या जागेत आंबा, फणस, निदान एक सोनचाफा. पण याच घरांत काही गोष्टी मुळातच चुकलेल्या होत्या. गच्चीचा उघडा स्लॅब एप्रिल-मेमध्ये वरचा मजला भाजून काढतो. उजेड आणि रस्त्याचा देखावा दिवाणखान्याला, तर बाईचा अर्धा दिवस जिथे जायचा ते स्वयंपाकघर मागच्या काळोख्या कोपऱ्यात. संडास कित्येक ठिकाणी मागे, अंगणाच्या टोकाला किंवा वेगळ्या अरुंद जिन्याने जोडलेला. सफाई करणाऱ्याने घरात पाऊल न टाकता मागच्या मागे यावे-जावे, हा हिशोब त्या रचनेत उघड दिसतो. ‘मूळ रूप जसेच्या तसे राखा’ म्हणणाऱ्यांनी हा मागचा जिनाही एकदा नीट पाहावा. मूळ रूपात राखण्याजोगे सगळेच नसते. स्वयंपाकघर पुढे आणणे, त्याला मोठी खिडकी देणे, वृद्धांसाठी तळमजल्यावर कमोडची सोय करणे, हे बदल सौंदर्याच्या आधी न्यायाचे आहेत.

आता सुधारणेच्या नावाखाली प्रत्यक्षात काय होते? दर्शनी भागाला चकचकीत पत्रा किंवा दगडाच्या पातळ फरश्या चिकटवतात, व्हरांडा काचेने बंद करतात, मोझॅकवर गुळगुळीत टाइल्स बसवतात, छताखाली पीओपीचे दुसरे छत टांगतात. त्यावर एसी. वारा बंद झाल्यामुळे एसी लागतो आणि एसी लावल्यामुळे खिडक्या कायमच्या बंद होतात. या सगळ्याच्या वर, गच्चीवर, विटांच्या तुकड्यांचा जुना कोबा तडकलेला असतो. गळती दिसली की जुना न काढता त्याच्यावर नवा कोबा टाकायची पद्धत आहे. स्लॅबवरचे ओझे वाढते, पाणी वाट काढतच राहते. ते सळीपर्यंत पोचले की सळी गंजते, गंजलेले लोखंड फुगते आणि खालचे काँक्रीट खपल्या धरून पडू लागते. खाली पीओपी असल्याने हे दिसतच नाही! भिंतींचेही तसेच. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. त्यावर प्लॅस्टिक पेंट दिला की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात. मग घरमालक म्हणतो, भिंतच जुनी झाली.

कामाचा खरा क्रम याच्या उलटा आहे. आधी जुना कोबा काढून गच्चीचे जलरोधन, उतार आणि पन्हाळी. मग क्षारांनी बुजलेले जीआयचे नळ बदलणे. मग लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या वायरी आणि चिनी मातीचे फ्यूज काढून, नीट अर्थिंग करून एमसीबी बसवणे, कारण ती वायरिंग दोन दिवे आणि एका रेडिओसाठी होती, गीझर आणि इंडक्शनसाठी नव्हती. गच्चीला पांढरा परावर्तक रंग. हे झाले की मग स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. रंग सर्वांत शेवटी. एक इशारा मात्र द्यायला हवा. ही घरे बहुतेक भिंतींवर तोललेली आहेत, खांब-तुळयांवर नाहीत. हॉल मोठा करायचा म्हणून मधली भिंत सरळ पाडली, तर वरचा स्लॅब उभा कशावर राहणार? तिथे हिशोब करून लोखंडी गर्डर घालावा लागतो, आणि तो हिशोब इंजिनिअरचा आहे, गवंड्याचा नव्हे.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. घर साठ वर्षांचे झाले, आता त्यात दम नाही, हे वाक्य विकसकाच्या पहिल्या भेटीत ठरलेले असते. वय हा काही पुरावा नाही. भूकंपाचा धोका मात्र खरा आहे: डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने तो दाखवला, आणि त्याआधीची बहुतेक घरे भूकंपाचा विचार करून बांधलेली नाहीत. पाया खचला असेल, स्लॅबची सळी बरीच खाल्ली गेली असेल, तर घर पाडावे. तिथे हळवेपणा नको. पण हे तपासणीने ठरवायचे असते. बुटकी, आटोपशीर वीटकामाची घरे बळकट करता येतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. शहरात घरे अपुरी असताना एका कुटुंबाने एवढी जमीन अडवून बसावे का? मेट्रो स्थानकाजवळ, रुंद रस्त्यावर याचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. पण गल्लीतल्या प्लॉटवर बंगल्याच्या जागी जी इमारत येते, तिच्यात बहुधा थोडे आणि महागडे फ्लॅट असतात. ज्यांच्याकडे घर नाही, त्यांच्यासाठी ते नसतात. दाटी वाढवायचीच असेल, तर बाहेरून जिना असलेले हे बंगले त्याला सोयीचे आहेत. वरचा मजला वेगळा करून भाड्याने देता येतो. आज कितीतरी ठिकाणी खाली दोन म्हातारी माणसे आणि वर कुलूप असते.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. चार वारस, एक बंगला. फ्लॅट झाले की वाटणी होते. जिना आणि आंबा वाटता येत नाही. पुष्कळ बंगले गळतीमुळे पाडले गेले असे सांगितले जाते, प्रत्यक्षात ते सातबारा नाहीतर मालमत्तापत्रकावरच्या नावांमुळे पडतात. तिथे दुरुस्तीचा सल्ला देणे व्यर्थ आहे. पण जिथे वारस एक किंवा दोनच आहेत, त्यांना तरी सरकारने पाडण्याकडे ढकलू नये. आज नेमके तेच होते. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत, स्वतः राहण्याचे घर विकत घेण्यासाठी किंवा बांधण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर २०१४ पासून वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंत वजावट आहे. त्याच घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढले, तर मर्यादा तीस हजारांची. गच्चीचे काम, नळ, वायरिंग आणि न्हाणीघर एकदम काढणाऱ्याला तीस हजारांनी काय दिलासा मिळणार? ही मर्यादा निदान बांधकामाच्या बरोबरीने आणावी. वारसा यादीत हे साधे बंगले क्वचितच बसतात आणि बसण्याची गरजही नाही. त्यांना ताम्रपट नको, दुरुस्तीला पैसे हवेत.

ज्यांच्या हाती असे घर आहे त्यांना एवढेच सांगणे: विकसकाच्या मसुद्यावर सही करण्याआधी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्वतःच्या खर्चाने बोलवा आणि गच्चीवर घेऊन जा. शक्यतो जुलैत.