घरचें आरोग्य : एकाचीं दोन दिसूं लागल्यास

शिक्रापूरच्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरची ही गोष्ट. साठी उलटलेले नाना सकाळीं ओट्यावर येऊन पाहतात, तों नगर रस्त्यावरून येणारी मालमोटार त्यांस शेजारीं शेजारीं दोन दिसूं लागली! कोणी म्हणालें, चष्मा बदला. कोणी म्हणालें, पित्त झालें. आजींनीं तर मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. थोरल्या सूनबाईंनीं मात्र नानांस एकेक डोळा आळीपाळीनें झांकावयास सांगितलें. कोणताहि डोळा झांकला, कीं मोटार एकच दिसे.

या साध्या परीक्षेंत पुष्कळ मर्म आहे. एकाच डोळ्यानें पाहूनहि दोन दिसल्यास दोष बहुधा त्या डोळ्यांतच, मोतीबिंदूसारखा, असतो. परंतु दोन्ही उघडे असतांनाच दोन दिसल्यास डोळ्यांची जोडी फुटली असें समजावें. प्रत्येक डोळा सहा स्नायु फिरवितात. त्यांस हुकूम पोंचविण्याचें काम मेंदूच्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकीं तिसरी, चौथी व सहावी या जोड्या करितात. सहावा तंतु दुबळा झाल्यास डोळा बाहेरच्या अंगास वळत नाहीं, व दूरची वस्तु शेजारीं शेजारीं दोन दिसते. चौथा बिघडल्यास जिना उतरतांना वा पोथी वाचतांना वस्तु एकावर एक दिसतात. तिसरा गेल्यास पापणीच मिटते.

नानांचा सहावा तंतु दुखावला होता, आणि कारण निघालें मधुमेह. रक्तांतील साखर वर्षभर तपासलीच नव्हती. असा तंतु बहुधा तीनएक महिन्यांत आपोआप सुधारतो. तोंवर साखर व रक्तदाब आटोक्यांत ठेवावा, एका डोळ्यावर पट्टी बांधावी, आणि वाहन चालवूं नये. नानांच्या दुचाकीची किल्ली सूनबाईंनीं डब्यांत ठेवली, हें योग्यच झालें.

परंतु सर्वच प्रकार इतके सौम्य नसतात. पापणी पडून बाहुली मोठी झाली व डोकें असह्य दुखूं लागलें, तर मेंदूंतील रक्तवाहिनीस फुगा आलेला असूं शकतो. तेथें घटकाहि दवडूं नये. ताप, डोकेदुखी किंवा वांती यांसह मूल एकाएकीं तिरळें पाहूं लागलें, तर क्षयजन्य मेंदूज्वराची वा मेंदूवरील दाबाची शंका घ्यावी. डोक्यास मार लागल्यावर दोन दिसूं लागल्यासहि तेंच. अशा वेळीं थेट मोठें रुग्णालय गांठावें.

दृष्ट काढण्यास आमची हरकत नाहीं. मात्र मोहऱ्या तडतडण्यापूर्वींच गाडी पुण्याच्या वाटेस लागलेली असावी.