पाच हजारांचा गेम आणि एक रुपयाचं कॉइन

दोस्तांनो, या आठवड्यात पत्रांच्या गठ्ठ्यातून एक पत्र असं निघालं, की बाकीची बाजूला ठेवावी लागली. सांगली जिल्ह्यातून आलंय, सातवीतल्या एका मुलाचं. नाव छापू नका, असं त्यानं दोनदा बजावलंय, म्हणून छापत नाही. तो लिहितो:

"काका, माझा मामेभाऊ शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना त्याचा प्लेस्टेशन मला वापरायला देऊन गेला. मला एक नवीन गेम घ्यायचाय. किंमत 4,999 रुपये. दोन दिवाळ्यांची ओवाळणी आणि आजोबांनी दिलेले, असे मिळून माझ्याकडे 5,200 रुपये आहेत. बाबा म्हणतात, एवढ्या पैशांत घरात कितीतरी वाणसामान येतं. गेम तेवढ्या किमतीचा आहे की नाही, ते तुम्हीच सांगा. म्हणजे मला बाबांना दाखवता येईल."

पत्राच्या शेवटी एक ता. क. आहे, बारीक अक्षरात. त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी एक गंमत सांगतो. मी तुमच्याएवढा होतो तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. एका रुपयाला एक कॉइन. तिथं 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा गेम होता, कॅपकॉम कंपनीनं 1993 साली काढलेला. पण हे नाव कुणाच्या तोंडी असेल तर शपथ! त्यात चार खेळाडू होते, त्यांतल्या मुस्तफावर सगळ्यांचा जीव, म्हणून गेमचंच नाव पडलं 'मुस्तफा'. माझा रुपया तिथं दोन मिनिटांत संपायचा. आणि आमच्या वर्गातला एक पठ्ठ्या त्याच एका रुपयात पाऊण तास खेळायचा, पार्लरवाला वैतागून दिवा घालवायचा तोपर्यंत! मशीन तेच, रुपया तोच. मग गेम स्वस्त की महाग? त्याच्यासाठी स्वस्त, माझ्यासाठी महाग. मशीन बनवणाऱ्यांनी तो अवघड मुद्दामच केलेला असायचा, कारण तुम्ही लवकर मेलात की दुसरा रुपया काढणार.

मग घरी टीव्हीला जोडायचा गेम आला. त्याच्या चौकोनी पिवळ्या-लाल 'कॅसेट' मिळायच्या. चालली नाही की फुंकर मारायची आणि पुन्हा लावायची. माझ्या साठवलेल्या पैशांतून मी '9999 इन 1' लिहिलेली कॅसेट आणली. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम! रोज एक खेळला तरी सत्तावीस वर्षं पुरतील, असा हिशेब मी आईला करून दाखवला होता. घरी येऊन लावली. पहिले काही गेम छान. पुढे गेलो तर तोच मारिओ, फक्त सुरुवात दुसऱ्या पायरीवरून. त्याच्यापुढे तीच टँकची लढाई, नाव वेगळं. खरे गेम मोजले तर दोन्ही हातांची बोटं पुरली. बाकीचे सगळे आकडे होते. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, "बाळ, चालतीये ना कॅसेट? मग झालं." त्यातला मारिओ मात्र मी पुढची तीन वर्षं खेळलो. तेव्हा पैसे बुडाले म्हणावं, तर तसंही नाही.

आता तुमच्या हिशेबाकडे वळू. गेम घेणारी बरीच मुलं (आणि मोठी माणसंसुद्धा) एक सोपा भागाकार करतात. किंमत भागिले खेळलेले तास. 5,000 रुपयांचा गेम 100 तास खेळलात, तर तासाला 50 रुपये पडले. थिएटरात सिनेमा बघायला गेलात तर तासाचा दर यापेक्षा जास्तच येतो. वा, मग गेम स्वस्त! बाबांना हा भागाकार दाखवायला हरकत नाही, पण बाबा हुशार असतील तर दोन प्रश्न विचारतील. पहिला: "शंभर तास खेळशीलच कशावरून?" आणि दुसरा: "शंभर तास आणणार कुठून?"

शिवाय या भागाकारात एक खोट आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा गेम केला. राजी नावाची मुलगी आपल्या धाकट्या भावाला शोधायला निघते, अशी गोष्ट. भिंतीवरची चित्रं, किल्ले-महाल, देव-दानव, सगळं आपल्याकडचं. 2017 साली त्यांनी इंटरनेटवरून लोकांकडे वर्गणी मागून पाहिली, ती पुरेशी जमली नाही. तरी नेटानं काम चालू ठेवलं आणि 2020 साली गेम बाजारात आला. परदेशात त्याची किंमत साधारण 25 डॉलर होती, आणि गेम पाच-सहा तासांत संपतो. भागाकार केलात तर तासाला चार-पाच डॉलर, म्हणजे महागच! 'लवकर संपला' अशी तक्रार कितीतरी जणांनी केली. पण ज्यांना तो आवडला त्यांना त्यातले महाल अजून आठवतात. उलट काही गेम ऐंशी तासांचे असतात, त्यातले साठ तास इकडून तिकडे निरोप पोचवण्यात जातात. पोस्टमनला त्याचा पगार तरी मिळतो.

गेम एवढे महाग का, असं पुष्कळ जण विचारतात. तर ऐका. 1990च्या दशकात अमेरिकेत मोठ्या गेमची कॅसेट 50 ते 70 डॉलरला मिळायची. आत खरीखुरी चिप असायची, तिचाच खर्च मोठा. पुढे सीडी आली, ती फार स्वस्तात बनते. नंतर तर डाउनलोडच आलं. तरी 2020 साली नव्या मोठ्या गेमांची किंमत 60 वरून 70 डॉलरवर गेली, कारण आता खर्च माणसांचा आहे. 'द लास्ट ऑफ अस' या गेमचा दुसरा भाग 2020 साली आला, त्याला सुमारे 22 कोटी डॉलर लागले होते. तिकडच्या लोकांच्या दृष्टीनं तीस वर्षांत गेमची किंमत फारशी वाढलेली नाही. पण तीच किंमत रुपयांत आणली, की सांगलीतल्या बाबांना वाणसामान आठवतं. यात बाबांचं काही चुकलेलं नाही.

मोठं नाव आणि मोठी किंमत बघून भुलू नका, एवढंच. 1982 साली 'ई. टी.' सिनेमा तुफान चालला, म्हणून अटारी कंपनीनं घाईघाईनं त्याचा गेम काढला. एका माणसानं तो पाच आठवड्यांत बनवला! लाखो कॅसेट खपल्याच नाहीत. 1983 साली कंपनीनं आपला न खपलेला माल न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन पुरला. कित्येकांना ही थाप वाटायची. 2014 साली खणून पाहिलं, तर खरोखरच खाली कॅसेट सापडल्या.

घेण्याआधी परत करता येईल का, तेही बघा. संगणकावर 'स्टीम'मधून गेम घेतला तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनच्या दुकानात मात्र डाउनलोड सुरू केलंत की संपलं, गेमच बिघडलेला असला तर गोष्ट वेगळी. डिस्क घेतलीत तर खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते. पण डिस्कचीही खात्री नाही. 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम 2014 साली आला आणि 31 मार्च 2024 रोजी कंपनीनं त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्यानं खेळायचा म्हटलं तरी चालेना. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याकडे नुसती चकती उरली.

आता ता. क. त्यात लिहिलंय: "मागच्या वर्षी फोनवरच्या एका फुकटच्या गेममध्ये मी डायमंड घेतले. आईचा पिन मला पाठ आहे. थोडे थोडे करून 1,740 रुपये झाले. आईला अजून माहीत नाही."

मित्रा, तुझं खरं पत्र हे आहे, असं मला वाटतं.

फुकटचा गेम कसा चालतो, ते बघ. पैसे थेट मागत नाहीत, आधी त्यांचे डायमंड करून देतात. समजा, ड्रेसला 300 डायमंड लागतात आणि पुडे मिळतात 250चे. मग दोन पुडे घ्या. ड्रेस घेतला की 200 उरले, ते वाया कशाला घालवायचे, म्हणून आणखी एक पुडा. 49 रुपये, 79 रुपये, असं करत 1,740 कधी झाले ते कळतच नाही. यात फसणारा तू एकटा नाहीस. 'फोर्टनाइट' बनवणाऱ्या एपिक कंपनीला अमेरिकेच्या सरकारी आयोगानं याच कारणावरून धरलं होतं. बटणं अशी ठेवली होती, की मुलांच्या हातून नको असताना खरेदी व्हायची. 2022 साली कंपनीनं लोकांना परत देण्यासाठी साडेचोवीस कोटी डॉलर भरायचं कबूल केलं.

पण पिन तू वापरलास, ते बटणावर ढकलता येणार नाही. तेव्हा आधी आईला सांग. बाबांना गेम दाखवायच्या आधी. 5,200मधून 1,740 काढून आईसमोर ठेव. उरतात 3,460. म्हणजे तो गेम आत्ता येत नाही, हे मला कळतंय, आणि हे वाचून तुला माझा राग येईल तेही कळतंय. पण बऱ्याच मोठ्या गेमांची किंमत वर्ष-दीड वर्षात सेलमध्ये निम्म्यावर येते. (निन्टेन्डोचे गेम सोडून, ते काही केल्या उतरत नाहीत.) तोपर्यंत तुझ्या गेममधल्या चुकाही दुरुस्त झालेल्या असतील. मित्रांबरोबर इंटरनेटवर खेळायचा असेल, तर त्याची वेगळी वर्गणी भरावी लागते का, आणि खोक्यावर वय किती लिहिलंय, तेही बघून ठेव.

आई-बाबांनो, हे पान तुम्हीही वाचता, म्हणून तुम्हाला एक विनंती. मुलगा स्वतःहून पैसे समोर ठेवत असेल तर त्या दिवशी ओवाळणीचा विषय काढून रागावू नका. पिन मात्र बदला.

आणि माझीही एक ता. क. मामेभाऊ प्लेस्टेशन ठेवून गेला, म्हणजे त्याच्या डिस्क कुठल्यातरी खोक्यात असणारच. मामीला फोन करून विचार.