'कुंकू' : न वाजलेल्या संगीताचें मोल

चित्रपटाचें संगीत म्हटलें कीं आपल्या घरांतून लहानथोर सर्वांच्या मुखीं गाण्यांचींच नांवें येतात. गाण्यांवांचून चित्रपटांत आणखीही कांहीं ऐकावयाचें असतें, याची जाणीव फारशी कोणास नसते. याचें कारण अगदीं व्यावहारिक आहे. पूर्वीं ध्वनिमुद्रिका निघत त्या गाण्यांच्या. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, आणि तेवढ्यांत एक गाणें नीट बसे. संवादांच्या पाठीमागें वाजणारें संगीत विकण्याजोगें नव्हतें, म्हणून तें चित्रपटगृहाबाहेर आलेंच नाहीं. पुढें रेडिओनें तीच वाट धरली, आणि आतां मोबाइलवरही जुन्या चित्रपटांचीं गाणीं तेवढीं कापून वेगळीं काढलेलीं मिळतात. अशा रीतीनें आपल्या कानांतून जें निसटलें, त्यांत प्रभात कंपनीच्या १९३७ सालच्या 'कुंकू'चें संगीत आम्ही अग्रस्थानीं ठेवूं.

वाचक विचारतील, 'कुंकू'ला कोण विसरलें आहे? व्ही. शांताराम यांचें दिग्दर्शन, ना. ह. आपटे यांची 'न पटणारी गोष्ट' ही मूळ कादंबरी, शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब, हें सारें जुन्या मंडळींस पाठ आहे. विसर पडला आहे तो संगीतकार केशवराव भोळे यांच्या कामगिरीचा. आणि तोही अशासाठीं कीं, या चित्रपटांत जें वाजलें त्याहून जें वाजलें नाहीं तें मोठें आहे. 'कुंकू'ला पार्श्वसंगीतच नाहीं. कथेंतील माणसांच्या कानीं जें पडेल तेंच प्रेक्षकांच्याही कानीं पडावें, असा दंडक येथें पाळला आहे. हा निश्चय दिग्दर्शकाचा खरा. परंतु आपलीं वाद्यें खालीं ठेवून तो पेलावयाचा होता संगीतकारानें, आणि संगीतकारास याहून कठीण काम आम्हांस तरी दुसरें सुचत नाहीं.

याचा परिणाम काय होतो, हें एकदां लक्ष देऊन पाहण्यासारखें आहे. फसवून म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यांत बांधलेली ही तरुण मुलगी त्या घरांत येते. दुसऱ्या कोणा कंपनीचा चित्रपट असता, तर या क्षणीं सारंगी रडूं लागली असती, आणि प्रेक्षकांनीं डोळे पुसून मन हलकें करून घेतलें असतें. येथें रडण्याचें काम आपल्याकरितां कोणतेंही वाद्य करीत नाहीं. ऐकूं येते ती भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. काकासाहेबांचें उरलेलें आयुष्य आणि नीरेचें वायां जाणारें तारुण्य, दोन्ही तीच मोजीत असते. अशा शांततेंत प्रेक्षकाला तटस्थ बसतां येत नाहीं. आपल्याही आजी-पणजींचीं लग्नें अशाच शांततेंत लागलीं असतील, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आणि तो सारंगीच्या सुरावर आला असता तर इतका बोचला नसता, असें आम्हांस वाटतें.

गाणीं आहेत, नाहींत असें नव्हे. नीरा चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. रस्त्यावरचा भिक्षेकरी गातो. पण शांततेच्या पार्श्वभूमीवर आलेलें गाणें हें घरांत खरोखरीच कोणी गाऊं लागल्यासारखें वाटतें.

भोळ्यांस ही दृष्टि अकस्मात् आलेली नव्हती. १९३३ सालीं नाट्यमन्वंतर संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक रंगभूमीवर आणलें, तेव्हां पदांच्या माळा लावण्याची जुनी चाल सोडून मोजकींच, भावगीतासारखीं पदें त्यांनीं त्यास दिलीं. 'एकलव्य' या टोपणनांवानें गवयांच्या गाण्यावर लिहिणारा हा मर्मज्ञ टीकाकार; कोणता स्वर कोठें गप्प बसावा हें त्यास कळत होतें. (सिनेमाचें गाणें म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या संगीतप्रेमी वडीलधाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें.) १९३६ सालच्या 'संत तुकाराम'मध्येंही त्यांचें कौशल्य असेंच न बोलतां काम करतें. विष्णुपंत पागनीस यांचे तुकोबा साध्या भजनी वळणानें गातात. तेच अभंग चोरून आपले म्हणविणारा सालोमालो मात्र नाटकी ढंगानें गातो. कोण खरा आणि कोण भोंदू, याचा निवाडा संवादाआधीं कानांतच होऊन जातो. व्हेनिसच्या महोत्सवांत १९३७ सालीं गौरविलेल्या या चित्रपटाविषयीं इतकें लिहिलें गेलें; आमच्या ओळखीच्या घरांतून मात्र या गोष्टीची वाखाणणी आम्हीं क्वचितच ऐकली.

प्रभात बंद पडल्यावर पुण्याच्या त्याच आवारांत १९६० सालीं सरकारी चित्रपटसंस्था आली, आणि तेथें भास्कर चंदावरकर यांनीं कित्येक वर्षें संगीत शिकविलें. २००४ सालच्या 'श्वास'चें संगीत त्यांचें. या चित्रपटांत एकही गाणें नाहीं, त्यामुळें त्याच्या संगीताचा उल्लेख झाला तर नशीब. डोळ्यांच्या कर्करोगामुळें दृष्टि जाणार असलेल्या नातवास शस्त्रक्रियेपूर्वीं आजोबा रुग्णालयांतून परस्पर बाहेर नेतात आणि शहर दाखवितात. मुलाच्या वाट्याला येथून पुढें आवाजच तेवढे उरणार आहेत, हें प्रेक्षकास ठाऊक असतें. आमच्या वाचकांनीं तो भाग पुन्हां पाहतांना डोळे मिटून नुसता ऐकावा. आणि त्याच आठवड्यांत 'कुंकू' लावावा, मध्यें कोणी चहाची विचारणा न करतां.