कोरड्या मुलखातील पेव

पेव ही सह्याद्रीत आणि कोकणात झाडांच्या सावलीला, ओढ्याकाठी आणि रस्त्याकडेच्या ओलसर उतारांवर पावसाळ्यात वाढणारी बहुवर्षायू कंदवनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव कॉस्टस स्पेशिओसस. अलीकडच्या वर्गीकरणात हेलेनिया स्पेशिओसा. पूर्वी ती आले-हळदीच्या कुळात मोजली जाई, आता तिचे कुळ स्वतंत्र मानतात. फुलाविनाही पेव ओळखता येते. पाने खोडाभोवती एकेक करून जिन्याच्या पायऱ्यांसारखी वर चढतात आणि खोडही त्यांच्यासोबत पीळ घेते. उंची साधारण पुरुषभर होते. शेंड्यावर लालसर छदांचे (फुलांच्या तळाशी असणाऱ्या पानांचे) भरगच्च कणीस येते व त्यातून एका वेळी एकदोनच पांढरी, चुरगळलेल्या झिरझिरीत कागदासारखी फुले उमलतात. फुले लवकर कोमेजतात, पण लाल कणीस कितीतरी आठवडे टिकते, आणि बागेच्या दृष्टीने खरी किंमत त्याचीच आहे.

सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा ठिकाणी घाटातले झाड सुचवणे विचित्र वाटेल. पण शहरातल्या बागांत कडुनिंब, आंबा किंवा कुंपणभिंतीच्या सावलीत बारमाही नेचे आणि शोभेची पाने लावली जातात, ती एप्रिल-मेच्या झळांत करपतात किंवा टँकरच्या पाण्यावर जगवावी लागतात. पेव त्या दिवसांत जमिनीवर नसतेच. दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागतात, खोडे वाळतात आणि कंद पुढच्या पावसापर्यंत निजून राहतो. पाण्याची सर्वांत जास्त टंचाई असते तेव्हा त्याला पाणी लागत नाही, हा या मुलखात मोठाच गुण म्हणायचा.

अडचण येते ती पावसाच्या वेळापत्रकाची. घाटात जुलै हा भर पावसाचा महिना. सोलापुरात पावसाचा जोर सप्टेंबरात असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये लांबलचक उघडीप पडते. नेमकी तीच पेवाच्या वाढीची वेळ. उघडिपीत पाणी तुटले की पानांच्या कडा वाळतात आणि कणीस लहान राहते. या दोन महिन्यांत वाफा ओला ठेवलाच पाहिजे.

जमिनीचाही विचार हवा. काळ्या चिकण मातीत सप्टेंबरच्या पावसाचे पाणी साचते आणि कंद कुजतो. म्हणून वाफा उंच करावा, त्यात मुरूम, शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळावा. चुनखडीच्या जमिनीत किंवा बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता असते, नुसते नत्र वाढवून ती भरून निघत नाही. जागा सकाळचे कोवळे ऊन मिळणारी निवडावी. गडद अंधारात पेव पाने देते, फुले देत नाही. पश्चिमेचे ऊन आणि गरम वारा मात्र टाळावा.

कंदाचे डोळा असलेले तुकडे मेअखेरीस किंवा पहिल्या पावसाला लावतात. कांड्यांचे तुकडे ओल्या वाळूत आडवे ठेवले तरी डोळ्यांतून फुटवे येतात; रोपवाटिकेसाठी हीच पद्धत सोयीची, कारण कंद मोडावा लागत नाही. जानेवारीत वाळलेली खोडे कापून वाफ्यावर पाल्याचा थर द्यावा व पाणी बंद करावे. निजलेल्या कंदाला लाडाने पाणी घालणारे माळी तो कुजवतात, हा अनुभव नवा नाही.

विक्रीच्या बाबतीत दोन गोष्टींची शिस्त हवी. ‘इन्सुलिनचे झाड’ म्हणून विकले जाणारे नारिंगी फुलांचे बुटके रोप याच कुळातले असले तरी मूळचे दक्षिण अमेरिकेतले आहे. दोन्हींच्या पाट्या वेगळ्या असाव्यात आणि कोणत्याही पाटीवर मधुमेह बरा होण्याचा दावा नसावा. दुसरी गोष्ट कंदांची. पेवाच्या कंदात डायोस्जेनिन असते, आणि हे द्रव्य स्टेरॉइड औषधांचा कच्चा माल असल्याने त्यासाठीही कंद खणले जातात. त्यात बागांच्या मागणीची भर नको. कांड्यांपासून इतक्या सहज रोपे होत असताना घाटातून पोत्याने आलेले कंद सोलापूरच्या रोपवाटिकांनी विकत घेऊ नयेत.