इंग्रजीच्या बाई, मराठीची शाळा

अकोल्याच्या कापूसबाजारात किंवा अमरावतीच्या सराफ्यात ज्यांची तिसरी-चौथी पिढी गादीवर बसते, त्या घरांना भाषांची सरमिसळ नवी नाही. स्वयंपाकघरात मारवाडी किंवा गुजराती, बाहेरगावच्या व्यापाऱ्याशी हिंदी, कचेरीत शुद्ध मराठी आणि गिऱ्हाइकाशी अस्सल वऱ्हाडी. ‘काऊन’ आणि ‘करून राहिलो’ हे प्रयोग पणजोबांनी कोणत्या पुस्तकातून शिकले नव्हते. उधारी मागता मागता ते जिभेवर बसले. परमुलुखात भाषा आली नाही तर पेढी चालत नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

आज नोकरीसाठी देशोदेशी जाणाऱ्यांत इंग्रजीच्या शिक्षकांचा एक मोठा वर्ग आहे. दक्षिण कोरियात १९९५ पासून सरकारी शाळांसाठी इंग्रजीभाषक देशांतून शिक्षक बोलावले जातात. एक वर्षाचा करार असतो, राहण्याची सोय होते, वर्गात मान मिळतो. मात्र दिवसभर जी भाषा शिकवायची ती संध्याकाळी भाजीवालीपुढे फारशी कामाची नसते. शाळेत गुरुजी आणि बाजारात मुके, अशी ही स्थिती. पुष्कळजण वर्षा-दोन वर्षांनी परततात. थोडे मात्र त्या लोकांची भाषा शिकतात आणि मग त्यांचे परतणे लांबत जाते.

असेच एक परतणे महाराष्ट्रात लांबले, ते कायमचेच. मॅक्सीन बर्नसन ही अमेरिकन तरुणी १९६१ मध्ये भारतात आली ती इंग्रजी शिकवण्यासाठी. हैदराबादच्या विवेकवर्धिनी या मराठी मंडळींनी चालवलेल्या संस्थेच्या महाविद्यालयात तिने दोन वर्षे अध्यापन केले. मराठीशी तिची ओळख झाली ती अशी, महाराष्ट्राच्या बाहेर. पुढे अमेरिकेत परतून तिने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भाषाशास्त्राचा अभ्यास केला आणि १९६६ मध्ये संशोधनासाठी सातारा जिल्ह्यातील फलटण गाठले.

फलटण हे नाव जैन वाचकांना परके नाही. ज्या धवला ग्रंथाचे मुद्रण डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ पासून अमरावतीत आरंभले, त्या आगमाचे ताम्रपट फलटणला जतन केलेले आहेत. बर्नसनबाईंना मात्र तेथे ग्रंथांची भाषा नको होती. माणसे ओट्यावर, बाजारात, शाळेत कशी बोलतात ते हवे होते. जात, शिक्षण आणि वय यांप्रमाणे एकाच गावात मराठी कशी बदलते, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. ‘पाणी’ म्हणणारा आणि ‘पानी’ म्हणणारा हे दोघेही तहान एकच सांगतात. पण शाळेत एकाला शाबासकी मिळते आणि दुसऱ्याला हसू. वऱ्हाडातील कोणत्याही वर्गात हे आजही पाहायला मिळेल.

परक्या माणसाला मराठी शिकताना अडखळायला होते ते व्याकरणापेक्षा वागण्यात. इंग्रजीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि सन्मानाचे ‘आपण’ या सर्वांना एकच शब्द. येथे शब्द चुकला की नाते चुकते. ‘आम्ही जेवणार’ आणि ‘आपण जेवणार’ यांत पाहुण्याला पान मिळणार की नाही, एवढा फरक. निरोप घेताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचे, हे कोणत्या नियमात बसवायचे? या गोष्टी शब्दकोशात सापडत नाहीत. शेजारघरी उठबस असावी लागते. बाईंची ती होती. लेखिका जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके, व्याकरण आणि १९७५ मध्ये एक मराठी-इंग्रजी शब्दकोश तयार केला. इंग्रजी शिकवायला आलेली स्त्री आता अमेरिकेतून पुण्यात येणाऱ्या विद्यार्थ्यांना मराठी शिकवू लागली होती. १९७८ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. फलटणच्या मुलांसाठी त्या ‘मॅक्सीनमावशी’ झाल्या होत्या.

एवढ्यावर ही कथा थांबली असती तर ती एका विदुषीच्या कौतुकाची कथा झाली असती. पण बाईंच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. फलटणच्या मंगळवार पेठेतील दलित वस्तीतील मुले शाळेत जात होती, वरच्या इयत्तेत ढकललीही जात होती, आणि तरीही त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी वस्तीतच वर्ग सुरू केले. त्यातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा. ज्यांचे नाव शाळेला दिले त्या कमलाबाईही जन्माने अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लुंडी. भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण १९५० मध्ये मुंबईत त्यांनी सुरू केले. सुनेचे घर परमुलुखात किती खोल रुजू शकते याचे ते एक निराळेच प्रकरण आहे.

वाचन शिकवण्याची बाईंची रीत साधी होती. ‘क’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत सगळी मुळाक्षरे आणि मग सगळी बाराखडी घोकून होईपर्यंत मुलाच्या हाती एकही अर्थपूर्ण शब्द लागत नाही. त्याऐवजी थोडी अक्षरे आणि एखाददुसरी मात्रा असा लहान गट घ्यावा. समजा, क, म, ल आणि काना एवढेच घेतले. तेवढ्यातच काम, माल, लाल, कला, काका, मामा, कमाल हे शब्द वाचता येतात. दुकानदाराच्या मुलाला ‘माल’ पहिल्याच आठवड्यात भेटतो! जोडीला भरपूर गोष्टी, गप्पा, आणि मुलाने स्वतः बोललेले वाक्य फळ्यावर लिहून त्यालाच वाचायला देणे. मुलाची घरची बोली वर्गाच्या दाराबाहेर काढून ठेवायची नाही, हा यामागचा आग्रह.

आणि ही शाळा मराठी माध्यमाची. जिची मातृभाषा इंग्रजी, जी इंग्रजी शिकवण्यासाठीच या देशात आली, तिने इंग्रजी माध्यमाची शाळा काढली असती तर पालकांची रांग लागली असती. बाईंनी इंग्रजीला विरोध केला नाही. तो विषय म्हणून नीट शिकवावा, पण मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत आधी वाचायला लागावे, असे त्यांचे म्हणणे.

व्यापारी घरांसमोर हा प्रश्न थोडा अवघड होऊन उभा राहतो. ज्या घरात आधीच दोन-तीन भाषा नांदतात, तेथे ‘मुलाची भाषा’ कोणती? आजीची मारवाडी, मोलकरणीची वऱ्हाडी की दूरचित्रवाणीवरची हिंदी? मुले मोठी होऊन पुण्या-बंगळुरूला जाणार, कोणी परदेशी स्थिरावणार, म्हणून तीन वर्षांच्या वयापासून इंग्रजी माध्यम, हा हिशेब चुकीचा ठरवणे सोपे नाही. परंतु या हिशेबातला एक खर्च खतावणीत चढत नाही. चौथीतले मूल इंग्रजी धडा घडाघडा वाचते, आणि गोष्टीत काय झाले असे विचारले की गप्प बसते. ओठ वाचत असतात. अर्थ कोठेच जमा झालेला नसतो.

ही तपासणी करायला शाळेची परवानगी लागत नाही. रात्री जेवणानंतर आजोबांनी नातवाचे पुस्तक उघडावे, एक पान वाचून घ्यावे, पुस्तक मिटावे, आणि त्यात काय होते ते घरात जी भाषा बोलली जाते त्या भाषेत सांगायला लावावे.