तात्पर्याआधीचे हसू

मराठी बालसाहित्याच्या समीक्षेत चित्रपुस्तकाचा विचार बहुधा शब्दांपुरताच होतो. प्राण्यांच्या विनोदी चित्रपुस्तकांबाबत ही उणीव विशेष जाणवते. कारण तेथील विनोद पुष्कळदा शब्द आणि चित्र यांच्यातील विसंगतीतून निर्माण होतो.

चिमणी-कावळ्याची लोककथा येथे विचारात घ्यावी. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते. तो चिमणीच्या मेणाच्या घराशी येतो आणि चिमणी बाळाच्या न्हाण्यामाखण्याच्या सबबी सांगत त्याला दाराबाहेर तिष्ठत ठेवते. काही पाठांत आत घेतल्यावरही त्याच्या वाट्याला तापल्या तव्याचा चटकाच येतो. मग वागणे कोणाचे चुकले? मौखिक कथा हा प्रश्न मोकळा ठेवते. मूल सबबींना हसते आणि कावळ्यासाठी हळहळतेही. शब्द चिमणीची लगबग सांगत असताना चित्राने दाराबाहेरचा ओलाचिंब कावळा दाखवला, तर हे दोन्ही भाव एकाच पानावर नांदू शकतात. शेवटी 'तात्पर्य' छापले, की प्रश्न मिटतो आणि हसूही.

ही सवय जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने इसापच्या कथा मराठीत छापल्या गेल्या. तेव्हापासून आपल्या छापील पुस्तकांतील प्राणी प्रामुख्याने शिक्षकाचे काम करीत आला आहे.

लहान मुलांना वागण्याचे वळण लावू नये, असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु हसताना मूल स्वतःच निवाडा करीत असते. तो त्याच्याकडून काढून घेणे हे शिक्षण नव्हे. माधुरी पुरंदरे यांनी 'राधाचं घर'मध्ये लेखन आणि चित्रे दोन्ही स्वतः केली. प्राणिकथा नसूनही, घरगुती व्यवहारातील गंमत उपदेशावाचून मुलांपर्यंत पोहोचते, हे त्या पुस्तकाने दाखवून दिले.

नाशिकला १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयाची परंपरा आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाने तर ग्रंथपेट्या वाचकांच्या दारात नेल्या. पुस्तक दाराशी आले, तरी लहान मुलासाठी ते कोणत्या कसोटीवर निवडावे, हे सांगणे समीक्षेचे काम आहे. त्यासाठी मराठी विभागांनी चित्राला संहितेचा घटक मानून अभ्यासावे आणि चित्रकाराचे नाव लेखकाच्या बरोबरीने घ्यावे. अन्यथा बालसाहित्याच्या अभ्यासात मूल त्या कावळ्यासारखे दाराबाहेरच राहील.